उभी विळी घेऊन बडोद्याला

आमच्या गल्लीतले गुरुजी वाचनालयाचा वार्षिक अंक काढतात. ते म्हणाले, बडोद्याला जाऊन आलात तर लिहा, इथलं कुणी तिकडं गेलेलं नाही. मी सातवी शिकलेला माणूस. साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. लिहायची सवय म्हणजे जॉबकार्ड भरण्याएवढी. तसंच लिहितो. कंटाळा आला तर पान उलटा, मला काही वाटणार नाही.

बडोदं माझी सासुरवाडी. ह्याआधी दोनदा गेलो होतो, एकदा लग्नाला आणि एकदा सासऱ्यांच्या दिवसांना. दोन्ही वेळा परत येताना शेजारी ही होती. ही म्हणजे इंदू, माझी बायको. ह्या खेपेला तिला जाऊन अकरा महिने झाले होते, आणि शेजारच्या सीटवर पोतं होतं.

पोत्यात काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची धाकटी मुलगी स्वाती इंजिनियर झाली, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग ती सोडून बडोद्याला पुढचं शिकायला गेली. मामाकडं राहते. काय शिकतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, नवीन वस्तू कशा काढायच्या ते. मी म्हणालो, वस्तू काढायला कॉलेज कशाला, लेथ लागतो. ती हसली.

ती तिकडं गेल्यावर हिचे गुडघे धरले. खाली बसलं की उठवेना. विळीवर बसून भाजी चिरायची, खोबरं खवायचं, सगळं कण्हत चाललेलं. मला ते बघवेना. एका रविवारी ही देवळात गेलेली असताना मी हिची माहेरची विळी घेतली, पातं पाटातून उपटलं, खवणी करवतीनं कापून दांड्यावर बसवली, दांड्याला बेअरिंग आणि फिरवायला मूठ. ओट्याच्या कडाप्प्याला चार भोकं पाडली आणि सगळं बोल्टानं आवळलं. उभ्यानं चिरा, उभ्यानं खवा. हिच्या कोपराची उंची आधीच दोऱ्यानं मोजून ठेवली होती, तिला न सांगता. जुना पाट उरला तो बंबात घातला.

ही आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मला खोटं लागलं."

हे तिचं जुनं बोलणं. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती असं म्हणायची. मी काही बोललो, तिच्या माहेरच्यांची चेष्टा केली, की ही म्हणायची, मला खोटं लागलं. माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचो, मी खोटारडा आहे का, तुमच्या बडोद्याच्या लोकांना सगळं जग खोटंच वाटतं. मग तिनं ते म्हणणं सोडलं. कितीतरी वर्षांनी त्या दिवशी पुन्हा तोंडातून आलं. मी म्हणालो, "खोटं काय त्यात? चालवून बघ." नारळ फोडला, मूठ फिरवली, कापसासारखा खोबऱ्याचा चव पडला. म्हटलं, आता बोल. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून वापरायला लागली. सात महिने वापरली. मग तिच्या पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

तेव्हापासून मी ह्या एका गोष्टीवर दिवस काढत होतो. बायकोला मी सिनेमा दाखवला नाही, फिरायला नेलं नाही, चार शब्द धड बोललो नाही. पण उभी विळी करून दिली. गुरुजींच्या घरच्या फोनवर स्वातीचा निरोप आला, आण्णा, कोर्स संपत आलाय, आईची विळी घेऊन या, वर्गात दाखवायची आहे. तेव्हा मला वाटलं, चला, निदान हे तरी कुणाला तरी दाखवण्यासारखं झालं. त्याच दिवशी बोल्ट सोडवले.

दांडिया बाजार

दांडिया बाजारात उतरलात आणि डोळे मिटलेत तर अर्धा वेळ वाटेल सातारला आलो. मराठी हाका, मराठी आडनावं. डोळे उघडलेत की मग स्कूटरींचा लोंढा दिसतो आणि कुणी तरी "केम छो काका" म्हणतं. हिच्या माहेरचे मूळ पुरुष राजाच्या पलटणीत होते. आता घरात तलवारीच्या जागी टीव्ही आहे, आणि त्यावर केबलची पंचेचाळीस चॅनेलं.

मेहुणे यशवंतराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा, बोलणं तोंडातल्या तोंडात. दिवसभर पुढच्या खोलीत हिंचक्यावर बसतात. आपण झोपाळा म्हणतो, ते हिंचका. त्या गावात खुर्ची नसेल पण हिंचका असतो. हा तर त्यांच्या वर्कशॉपच्या सोबत्यांनी निरोपाला दिलेला, आकडे स्वतः भट्टीत घडवलेले. मुलानं गोत्रीला नवीन सोसायटीत फ्लॅट घेतलाय, तो ह्यांना तिकडं बोलावतो, पण तिथल्या छताला आकडे ठोकू देत नाहीत म्हणून हे जात नाहीत. वहिनी, म्हणजे यशवंतरावांची बायको, हसत हसत असं सांगतात. खरं कारण वेगळं असेल. मी खोदून विचारलं नाही.

जेवणाचं सांगतो. आमटीत गूळ. भाजीत साखर. मी कराडचा माणूस, पहिल्या घासाला वाटलं पक्वान्न आधी वाढलं. वहिनींनी ओळखलं, ठेच्याची वाटी पुढं सरकवली आणि म्हणाल्या, "वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, ह्यांना साखर कारखान्यात चालते, ताटात नाही." नणंदेला त्या वन्सं म्हणायच्या. आम्ही दोघंही हसलो, मग वहिनी भात आणायला आत गेल्या. हिंचका तेवढा वाजत राहिला. कर्र, कर्र. कडी आकड्यावर घासत होती. फिटरच्या कानाला असलं सहन होत नाही, पण पाहुणा म्हणून पहिल्या दिवशी हात घातला नाही.

कॉलेज

दुसऱ्या दिवशी स्वाती मला कॉलेजात घेऊन गेली. वाटेत तिनं दोन वर्षांचा हिशोब सांगितला. पहिली सहामाही म्हणे नुसतं बघायचं. कुणाच्या तरी घरी, दुकानात, दवाखान्यात जाऊन बसायचं आणि माणसं काय करतात ते बघायचं. सुचवायचं काही नाही. तिला एका शिंप्याकडं बसवलं होतं. आठ दिवस तिनं शिंप्याचे पाय बघितले. दुसऱ्या सहामाहीत पुठ्ठ्याच्या, थर्माकोलच्या वस्तू करायच्या आणि लोकांच्या हातात देऊन मोडू द्यायच्या. तिसरी विकण्याची. आता बाहेरच्या कंपन्या आल्यात, मिक्सर पन्नास तऱ्हेचे, तेव्हा आपला माल उठावा कसा. चौथ्या सहामाहीत शेवटी एक वही लिहायची, ह्या सगळ्यातून मी काय शिकलो.

मी म्हणालो, "बघायला काय शिकायचं असतं? देवानं डोळे दिलेत की."

ती म्हणाली, "मलाही तसंच वाटायचं, आण्णा."

वर्गात वीसेक पोरंपोरी. जमिनीवरच बसलेली, मधे लाकडाचा भुसा. त्यांचे सर गुजराती, पायात साध्या चपला, माझ्यापेक्षा जास्त मळलेले हात. मला माणूस आवडला. मी विळी टेबलाला क्लँप केली, नारळ खवून दाखवला. सरांनी मूठ फिरवून बघितली, बेअरिंगला बोट लावलं, वेल्डिंग बघितलं आणि मान डोलावली. म्हणाले, बहोत सफाई है. माझी छाती वर आली, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी विचारलं, "काका, काकी ने पहली बार देखा तो क्या बोली?"

मी माझ्या हिंदीत सांगितलं. बोली, मला खोटं लागलं. मैं बोला, खोटा क्या है इसमें, चलाके देख. फिर मैंने चलाके दिखाया, तो चुप हो गई. एकदम चुप.

मला वाटलं पोरं हसतील. आमच्या कारखान्यात ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले होते. इथं एकही हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक गुजराती मुलगी खाली भुशाकडं बघायला लागली. सर माझ्याकडं बघत राहिले, मग स्वातीकडं बघितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. सर हळूच म्हणाले, अच्छा काका, शुक्रिया, आणि दुसऱ्याची वस्तू पुढं घेतली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय चुकलं माझं. स्वाती म्हणाली, काही नाही, तुम्ही दमला असाल, चला सेव-उसळ खाऊ. गाड्यावर उभं राहून खाल्ली. तिखट, वर मूठभर जाड शेव, बडोद्यात पहिल्यांदा जिभेला ओळखीचं काही लागलं. पण पोरीनं तिच्या डिशला हात लावला नाही. ती पिशवीतल्या वहीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

हिंचका

तिसऱ्या दिवशी दुपारी यशवंतराव हिंचक्यावर, वहिनी आत स्वयंपाकघरात, स्वाती कॉलेजात. मला करण्यासारखं काही नव्हतं, आणि माझ्यासारख्या माणसाला ते वाईट. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी कोनाड्यात दिसली. स्टुलावर चढलो, दोन्ही कड्यांत तेल सोडलं, यशवंतरावांना म्हटलं घ्या झोका. हिंचका लोण्यासारखा फिरला. आवाज नाही. यशवंतराव तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणाले, डावा हात हलवून मला नको नको करत होते. मला वाटलं, कौतुक करतायत.

आत भांडं पडलं. वहिनी पळत आल्या, हाताला कणीक, साडीचा काठ पायात अडकून दाराशीच पडता पडता वाचल्या. यशवंतरावांना नीट बसलेलं बघितलं आणि चौकटीला धरून खाली बसल्या. श्वास लागला होता. मी म्हणालो, काय झालं, मी फक्त तेल घातलं.

दम खाऊन त्यांनी सांगितलं. झटका आला त्या दिवशी त्या आत पोळ्या करत होत्या. हिंचका थांबलेला त्यांच्या ध्यानात आला नाही. अर्ध्या तासानं बाहेर आल्या तेव्हा हे फरशीवर पडलेले. त्या दिवसापासून आत काम करताना त्यांचा कान त्या कर्र कर्रवर असतो. आवाज आहे म्हणजे माणूस बरा आहे. मुलानं दोनदा तेल घालू म्हटलं, त्यांनी घालू दिलं नाही.

मी म्हणालो, मला काय माहीत, विचारलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही. म्हणजे मलाच माझं कळेना मी काय बोलतोय. विचारायचं मी होतं.

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "असू द्या भावोजी. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. पण मला खोटं लागलं."

मी लगेच म्हणालो, "खोटं काय त्यात?"

तोंडातून निघून गेलं. वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, "खोटं म्हणजे तुमचं खोटं नाही हो. खोटं लागलं म्हणजे मनाला लागलं. वाईट वाटलं. गुजरातीत म्हणतात, आम्ही पण तसंच बोलतो. वन्सं म्हणायच्या की. इतक्या वर्षांत तुम्हाला कळलं नाही?"

मी स्टुलावर बसलो. तेलाची कुपी हातातच होती. म्हटलं, वहिनी, त्या विळीबद्दल ती तुम्हाला काही बोलली होती का. त्या नको म्हणाल्या. मी म्हणालो, सांगा.

"फोनवर म्हणाल्या होत्या. विळी छान चालते हो वहिनी, गुडघे पण दुखत नाहीत. पण आधी उंबऱ्यात बसायचे, येणारी-जाणारी दिसायची. आता भिंतीशी बोलते मी."

आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा अंगणात उघडतो. ही विळी आडवी टाकून तिथं बसायची आणि अर्ध्या गल्लीशी बोलायची. माझ्या डोळ्यांसमोर रोज होतं. ओटा भिंतीला लागून आहे. मी उंची मोजली, हाताचा जोर बघितला, मूठ डावीकडं की उजवीकडं ह्यावर दोन दिवस विचार केला. तोंड कुणीकडं येतं हे बघितलंच नाही.

त्या दुपारी मी कड्या रॉकेलनं धुतल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या, चुलीची राख लावली. आवाज येईना. जन्मभर मशिनींचे आवाज घालवले, पण आवाज आणायचा कसा हे कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी आकड्याला कानशीनं दोन चरे पाडले. यशवंतरावांनी झोका घेतला. कर्र. आतून वहिनींनी ताटली वाजवून कळवलं, आवाज पोचला. यशवंतराव अर्ध्या तोंडानं हसले आणि डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

सूरसागर

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वातीला घेऊन मी सूरसागरच्या काठी गेलो. घराजवळच तळं आहे, मोठं, चौफेर बांधलेलं. ही लहानपणी इथं शेंगा खात बसायची असं सांगायची. मी भाजलेल्या शेंगा घेतल्या. म्हटलं, वही वाच, मराठीत सांग.

मला कळलंय हे तिनं ओळखलं. वाचायला लागली. शिंप्याचं होतं, थर्माकोलचं होतं, विकण्याचं होतं. मग थांबली. म्हणाली, पुढचं पान तुम्हाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणूनच बोलावलं. विळी हे निमित्त होतं. तुम्ही नको म्हणालात तर फाडते, दुसरं काही तरी लिहीन.

मी म्हणालो, वाच.

त्या पानावर एका कारागिराची गोष्ट होती. त्यानं बायकोसाठी वस्तू केली. आपलं मन दुखावलं असं तिनं सांगितलं, त्याला वाटलं ती वस्तूला नावं ठेवते, म्हणून त्यानं वस्तू चालवून दाखवली. वस्तू चाललीच. खाली पोरीनं लिहिलं होतं, दोन वर्षं मी जे शिकण्यासाठी फी भरली ते सगळं आमच्या ओट्यावर होतं.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं.

म्हणाली, इकडं आल्यावर दोन महिन्यांत. मामी बोलायची त्यावरून. सुट्टीत घरी आले तेव्हा आईनं विळीचं सांगितलं, हसून सांगितलं.

"तेव्हा आई होती," मी म्हणालो. "मला का नाही बोललीस?"

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "म्हटलं, तुम्हाला खोटं लागेल."

ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं ते येत नाही, हिच्याजवळही आलं नाही. शेंगा सोलून तिच्या हातावर दाणे ठेवत गेलो. ती खात गेली, रडत गेली. रागवावं असं मनात आलं होतं, पण कुणावर? ती माझ्या मनाला जपत बसली, मी हिच्या गुडघ्यांना जपत बसलो.

शेवटी मी म्हणालो, पान फाडू नको. एक बदल कर. कारागीर म्हणून लिहिलंयस तिथं माझं नाव घाल, आणि बायको लिहिलंयस तिथं हिचं. इंदू. पुरं लिही.

सरांनी विळी मागितली, पुढच्या मुलांना दाखवायला. दिली. मी म्हणालो, दाखवा, पण ती काय म्हणाली तेही सांगा. त्यांनी हात जोडले. निघताना वहिनींनी भाकरवडी बांधून दिली आणि हिची माहेरची विळी जशी होती तशीच एक दाखवली. सासूबाईंनी दोन करून घेतल्या होत्या, एक लेकीला, एक सुनेला. शिसवी पाट, बसून बसून मधे गुळगुळीत झालेला. वहिनी म्हणाल्या घेऊन जा. मी नाही घेतली. मी त्यावर हात ठेवून बघितला तेवढंच. तसला पाट मी बंबात घातला होता, आणि त्या पाण्यानं अंघोळ केली होती.

कराड

घरी आलो. ओट्यावर चार भोकं आहेत. तिथं उभा राहिलो, जिथं ती उभी राहायची तिथं, मूठ फिरवायला हात जसा जातो तसा ठेवून. समोर भिंत. हाताच्या अंतरावर. रंगाचा एक पोपडा निघालेला आहे आणि त्याच्या कडेला नखानं आणखी थोडा काढलेला आहे. सात महिने.

तेवढ्यात अंगणातून गुरुजींची हाक आली. स्वभाव चांगला त्यांचा, रोज येऊन बघून जातात. काय म्हणतंय बडोदं, प्रवास कसा झाला, असं विचारत उंबऱ्यापर्यंत आले. मी म्हणालो, गुरुजी, मला फार खोटं लागलं.

ते म्हणाले, "खोटं? काय खोटं निघालं?"

त्यांचा दोष नाही. त्यांना आत घेतलं आणि भाकरवडीचा पुडा सोडला.